बियाला ठेवलेली झाडं

"इंग्लंडला जाऊन शेवटी माळीच झालास का रे?" माझे थोरले काका दर भेटीत हे विचारायचे. मी दर वेळी वेगळं उत्तर द्यायचो. कधी म्हणायचो, माळी नाही काका, हॉर्टिकल्चरल टेक्निशियन. कधी म्हणायचो, माळीच, पण छपराखालचा. काकांचं समाधान कशानेच झालं नाही. आता ते नाहीत आणि मीही निवृत्त झालो आहे, तेव्हा खरं उत्तर या अंकात छापून टाकायला हरकत नाही: होय काका, माळीच झालो, आणि मला ते काम फार आवडलं.

माझी बायको सुनंदा भूलतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिला मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या सामानाबरोबर मीही आलो. माझ्याकडे शेतकी कॉलेजची पदवी होती आणि शेत नव्हतं. वर्षभर घरी बसून मी पावसाचे प्रकार शिकलो. मग एका विद्यापीठाच्या काचघरांत माणूस हवा असल्याचं कळलं. मुलाखतीत मुकादमाने माझ्या हातात रोपांचा ट्रे दिला आणि म्हणाला, "यात पाणी कोणाला हवंय?" मी ट्रे उचलून वजन पाहिलं आणि म्हटलं, "कोणालाच नको." नोकरी मिळाली. मुकादमाचं नाव फ्रँक. बोल्टनचा माणूस, हात फावड्याएवढे, बोलणं मोजकं आणि चहा अखंड.

काचघर म्हटलं की लोकांना ऑर्किड आणि केळीची झाडं दिसतात. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. आमची झाडं संशोधकांची. ते येऊन सांगणार, मला अमुक झाड अमुक उबेत, अमुक इतक्या उजेडात हवं. आपण ते उगवायचं, जोपासायचं, आणि ऐन भरात आलं की साहेबांनी ते कापून, वाळवून, कुटून टाकताना बाजूला उभं राहायचं. सुरुवातीला जीव तुटतो, पुढे सवय होते. गिऱ्हाइकंही एकेक. एका गृहस्थांना मावा पाळायचा होता. मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारी ती हिरवी चिकट कीड. आम्ही जन्मभर मावा मारत आलेलो, आणि हे रोज सकाळी येऊन काळजीने विचारायचे, "कसे आहेत आज?" फ्रँक म्हणायचा, "ते मजेत आहेत सर, झाड आजारी आहे." दुसऱ्या एका बाईंना डँडेलियन, म्हणजे पिवळ्या फुलांचं ते तण, हवं होतं, तेही निरोगी. बाहेरच्या हिरवळीवर डँडेलियनचा पूर आणि आत आमच्या कुंड्यांत एकेक मान टाकत होता. नको तिथे उगवायचं, हाच त्या झाडाचा स्वभाव.

पण आज सांगायची आहे ती मेरियनची गोष्ट. मेरियनची म्हणजे तिच्या झाडाची, आणि माझ्या सासूबाईंची.

मेरियन अमेरिकेतून, केंटकीहून, आमच्या विद्यापीठात पीएच.डी. करायला आली होती. उंच, बोलकी, हातात कायम सफरचंद. रीतसर परवानगी काढून तिने बियांची पाकिटं आणली होती. बी मोहरीहून लहान, काळं, चपटं. रोपं टीचभर झाली तेव्हा फ्रँक पाणी घालत पुढे चालला होता. चालता चालता त्याचा डावा हात आपोआप खाली गेला आणि त्याने पहिलं रोप मुळासकट उपटलं.

"फ्रँक!" मेरियन किंचाळली.

फ्रँकने हातातल्या रोपाकडे पाहिलं. "हे फॅट हेन आहे," तो म्हणाला. फॅट हेन म्हणजे इंग्लंडातलं अगदी सामान्य तण, जुन्या काळी कोंबड्यांना घालायचे ते. "चाळीस वर्षं मी हे उपटतोय. हात थांबत नाही माझा."

"फॅट हेनची चुलत बहीण आहे ही. अमेरिकेतली. गूसफूट."

मी पान उलटून पाहिलं. खालून पीठ भुरभुरल्यासारखं पांढरट, कडा दातेरी. "आमच्याकडे याच घराण्यातली भाजी असते," मी म्हटलं. "चाकवत."

त्या दिवशी मेरियनने मला चहावर सगळं समजावलं. मका येण्याआधी अमेरिकेच्या पूर्व भागातले मूळ लोक हे गूसफूट शेतात लावायचे. पालाही खायचे, बीही. हजारो वर्षं. मग मका आला, जास्त पिकला, आणि लोकांनी हळूहळू हे पीक सोडून दिलं. लावायचं वाण तिथे संपलंच. राहिलं ते रानटी, नदीकाठी आपलं आपण उगवणारं. पण कोरड्या गुहांमध्ये त्या जुन्या लोकांनी साठवलेलं बी अजून सापडतं, आणि त्याची साल रानातल्या बियांपेक्षा कितीतरी पातळ असते. रानटी बी जाड साल पांघरून जमिनीत झोपतं, काही यंदा उगवतं, काही दोन वर्षांनी. शेतकऱ्याला असलं बी काय कामाचं? त्याला सगळं एकदम उगवलेलं हवं. पातळ सालीचं बी लवकर उगवतं. लवकर उगवलेल्याच रोपांचं बी पुन्हा पुन्हा पेरत गेलं तर साल पातळ होत जाते का, आणि किती पिढ्यांत, हे मेरियनला पाहायचं होतं.

आता पिढ्या म्हटल्या की वर्षं आली, आणि पीएच.डी.ला वर्षं मोजकीच मिळतात. तिथे आमचा धंदा उपयोगी पडतो. हे झाड दिवस लहान व्हायला लागले की फुलतं. मग आपण दिवस लहान करायचा. बेंचवर, म्हणजे कुंड्या मांडायच्या लांब टेबलावर, लोखंडी सांगाडा, त्यावर जाड काळं कापड. दुपारी चहा झाला की पडदा ओढून झाडांची रात्र करायची, सकाळी आल्यावर उघडायची. बाहेर जूनचं ऊन असलं तरी झाड समजतं की थंडी आली, आता बी धरायला हवं. अशाने वर्षात दोन-तीन पिढ्या निघतात. झाडाला फसवायचं म्हणजे मला जरा वाईट वाटायचं. फ्रँक म्हणायचा, "तुला वाईट वाटतं म्हणून तू पडदा हळू ओढतोस. जोरात ओढ."

मेरियनची एक अट मात्र फार कडक होती. झाडांमध्ये डावं-उजवं करायचं नाही. हे छान वाढलंय म्हणून ठेवा, ते मरतुकडं म्हणून काढा, असं नाही. निवडायचं ते फक्त उगवण्याच्या वेळेवरून. "माझी नजर यात येता कामा नये," ती म्हणायची.

हे सगळं सुरळीत चालू असताना, नव्वदच्या आसपास, माझे सासरे गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. वाईजवळच्या एका गावात शाळामास्तर होते, मागे थोडी जमीन आणि मोठं परस. सुनंदा आईला घेऊन आली. सहा महिने राहा, हवापालट होईल. मँचेस्टरच्या हवेने कोणाचा पालट व्हायचा, हे मी तेव्हा बोललो नाही.

सासूबाई मूळच्या खणखणीत बाई. लग्नात त्यांनी आमच्याकडच्या साऱ्या मंडळींना पंगतीत शिस्तीने बसवलं होतं. आता त्या खिडकीशी बसायच्या. अंगात सुनंदाचं कार्डिगन, पायात अण्णांचे लोकरी मोजे. जेवायला वाढलं की चार घास खायच्या आणि "पुरे" म्हणायच्या. उशाशी अण्णांचं धोतर घडी घालून ठेवलेलं असायचं. दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या होत्या. सुनंदा डॉक्टर, तिने रक्त तपासून घेतलं, सगळं नीट निघालं. आम्ही दोघंही त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलायचो आणि आवडीचं काही करू का विचारायचो. त्या म्हणायच्या, "काही नको बाई, तुम्ही आपली कामं करा."

मी फ्रँककडे हे बोललो. शनिवार-रविवारी झाडांना पाणी घालायची पाळी आळीपाळीने असायची, त्या शनिवारी माझी होती आणि सुनंदा ऑन-कॉल. फ्रँक म्हणाला, "इथे घेऊन ये त्यांना. ऊब तरी मिळेल."

म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. काचघराचं दार उघडल्याबरोबर त्यांनी कार्डिगन काढलं. ओल्या मातीचा वास आला तशी त्यांची मान जरा वर झाली. मी त्यांना मेरियनच्या बेंचपाशी खुर्ची दिली. गूसफूट मांडीएवढं उंच झालं होतं, सोमवारपासून पडदा सुरू करायचा होता. तेवढ्यात पलीकडच्या काचघरातला उष्णतेचा अलार्म वाजला. छपराची झडप अडकली होती. ती सोडवून यायला मला वेळ लागला.

परत आलो तर सासूबाई बेंचच्या टोकाशी उभ्या होत्या. पदर खोचून ओटी केलेली, ओटी कोवळ्या शेंड्यांनी भरलेली. आणि त्या हसत होत्या.

"जावईबापू, चाकवत आहे की हो हा! थोडा निराळा दिसतोय, पण चाकवतच. आणि केवढा कोवळा! घरी दही आहे ना? ताकातला करते. हरभऱ्याची डाळ आहे, शेंगदाणे आहेत, वरून लसणाची फोडणी देते. सुनंदाला फार आवडायचा."

इतकं त्या दोन महिन्यांत मिळून बोलल्या नव्हत्या. मी बेंचकडे पाहिलं. झाडांचे शेंडे गेले होते. जिथे कणसं धरायची, नेमकी ती जागा. नखाने स्वच्छ खुडलेली.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "आई, तोंडात नाही ना घातलंत काही?"

कारण त्या कुंड्यांच्या मातीत मावा मारायचं औषध घातलेलं होतं आणि ते मुळांतून पानात जातं. मी त्यांना ते सांगितलं. हेही सांगितलं की इथलं एकही पान बाहेर नेता येत नाही, सगळं पिशवीत घालून जाळावं लागतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओटीकडे. मी पिशवी धरली आणि त्यांनी स्वतः पदर सोडून सगळा पाला तिच्यात टाकला.

"औषधाचा आहे होय," त्या म्हणाल्या. "बरं."

मी त्यांना साबणाने दोनदा हात धुवायला लावले. गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. घरी आल्यावर कार्डिगन घालून पुन्हा आपल्या खुर्चीत. दोन महिन्यांनी हसलेलं माणूस मी पाच मिनिटांत पुन्हा गप्प केलं होतं, आणि आता मला मेरियनला फोन करायचा होता.

मेरियन सायकलवरून आली. मी गेटवरच तिला सगळं सांगितलं, कोणी केलं तेही. ती बेंचसमोर उभी राहिली, मग एका उलट्या क्रेटवर बसली आणि रडायला लागली. ही तिची शेवटची पिढी होती. डिसेंबरात तिची मुदत संपत होती. शेंडे गेले म्हणजे बाजूचे फुटवे येणार, ते वाढणार, मग फुलणार, मग बी. तेवढा वेळ तिच्याकडे होता की नव्हता, हे तिलाच माहीत नव्हतं. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "त्यांनी खाल्लं नाही ना?"

सोमवारी फ्रँकने झाडं पाहिली. "झाडाला डोकं परत येतं," तो म्हणाला. "पीएच.डी.ला येतं का ते बघू." ठरलं असं, की पडदा इतक्यात ओढायचा नाही. उलट दिवे जास्त वेळ लावून दिवस लांबवायचा, फुटव्यांना जोर येऊ द्यायचा आणि मग रात्र करायची. जमलं तर जमलं.

घरी मी सासूबाईंना यातलं काही बोललो नव्हतो. औषध होतं म्हणून टाकावं लागलं, एवढंच त्यांना माहीत. सुनंदाला मात्र त्या सोमवारी संध्याकाळी सगळं सांगितलं.

"आणि आईला?" तिने विचारलं.

"वेड लागलंय का? आधीच त्यांचं जेवण नाही. त्यात एका मुलीचं तीन वर्षांचं काम तुमच्यामुळे गेलं, हे कसं सांगू?"

"अहो, तिने केलंय ना? मग तिला कळायला नको? आपण दोघं तिच्याशी असं वागतोय जसं काही ती इंटेन्सिव्ह केअरमध्ये आहे. तिच्या टेस्ट्स नॉर्मल आहेत. ती आजारी नाहीये, तिला कोणी काही विचारतच नाहीये. यू टेल हर. मी सांगितलं तर रडारड होईल."

जावयाने सासूला तिची चूक सांगायची, याचं शिक्षण मला कोणी दिलेलं नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि माझ्या पानात वाढलेलं मीठ कमी आहे, हेसुद्धा मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसलो आणि मेरियनपासून सुरुवात केली. तिचं गाव, तिचं झाड, गुहेतलं बी, पडदा, शेवटची पिढी. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. झाडं आता बी धरणारच होती, हे सांगितलं तशी त्यांची मान गर्रकन माझ्याकडे वळली.

"बियाला ठेवली होती ती झाडं?"

"हो."

"मग चिंधी कुठं होती?"

मला कळेना. "कसली चिंधी?"

"कसली म्हणजे? बियाला ठेवलेल्या झाडाला चिंधी बांधायची असते. म्हणजे कोणी खुडत नाही. भोपळा असो, मेथी असो, चाकवत असो. आमच्याकडे शेजारपाजारची पोरंसोरंसुद्धा चिंधीच्या झाडाला हात लावत नाहीत. एवढ्या काचा, एवढे दिवे, एवढी साहेब माणसं, आणि तुम्हाला एक चिंधी मिळाली नाही?"

"आई, त्यावर लेबलं होती..."

"मला येतं का तुमचं इंग्रजी? आणि शेतकी शिकलात ना तुम्ही?" आवाज चढला होता. स्वयंपाकघरात सुनंदाच्या हातातली भांडी थांबल्याचं मला ऐकू आलं. "आणि सगळं खुडायला मी काय शेळी आहे? ओळीला एकेक ठेवलंय मी बियाला. चांगलं, जाड बुंध्याचं बघून ठेवलंय. बघितलंत तरी का?"

नव्हतं बघितलं. रडण्याच्या आणि घाबरण्याच्या नादात कोणीच नीट बघितलं नव्हतं.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "ती पोरगी रडली?"

"रडली."

"मला तिच्याकडे घेऊन चला. आणि सुनंदाला म्हणावं, कात्री दे."

त्या उठून खोलीत गेल्या आणि अण्णांचं धोतर घेऊन आल्या. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी घडी उलगडली. सुनंदा कात्री घेऊन आली आणि जागीच थांबली.

"आई, हे अण्णांचं आहे."

"माहीत आहे मला."

"दुसरं काहीतरी घे ना. जुनी चादर आहे, मी देते."

"चादर नको. जाड कापड कोवळ्या देठाला कापतं. हे धुऊन धुऊन मऊ झालंय." मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. "उशाशी ठेवलं म्हणून काय ते परत येणार आहेत? त्यांना झाडाची हौस होती. जाऊ दे झाडाला. धर ते टोक."

सुनंदाने टोक धरलं. सासूबाईंनी कात्रीने काठाशी चीर दिली आणि दोघींनी मिळून फाडलं. कापड फाटताना लांब आवाज झाला. दुसऱ्या पट्टीला सुनंदा रडायला लागली, तिसऱ्या पट्टीला सासूबाई. पण फाडायचं कोणी थांबवलं नाही. मी बाजूला उभा राहून पट्ट्या गोळा करत होतो आणि मीही रडत होतो. अण्णा गेल्यापासून आमच्या घरात तिघं मिळून रडलो ते तेव्हाच पहिल्यांदा. त्या रात्री सासूबाईंनी भाकरी मागून घेतली.

फ्रँकने अट घातली की बाहेरचं कापड आत येणार असेल तर उकळून आणायचं. मी घरी हे भीत भीतच सांगितलं. सासूबाई खूश झाल्या. "सोवळं आहे म्हणायचं यांच्यात," त्या म्हणाल्या आणि मोठ्या पातेल्यात धोतराच्या पट्ट्या उकळत ठेवल्या.

काचघरात त्या मेरियनसमोर उभ्या राहिल्या, मराठीत म्हणाल्या, "चुकलं ग बाई माझं. पण तुझंही चुकलं," आणि मला म्हणाल्या, "सांगा तिला." मी सांगितलं. चिंधीचंही सांगितलं. मेरियन आधी नुसती ऐकत होती. मग सासूबाईंनी तिचा हात धरून तिला बेंचच्या कडेने नेलं आणि न खुडलेली झाडं दाखवली. ओळीला एकेक. खरोखरच प्रत्येक जाड बुंध्याचं, पसरट पानांचं.

"विचारा त्यांना, ही कशी निवडली?" मेरियन मला म्हणाली.

मी विचारलं. सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. "कशी म्हणजे? दिसतं की."

मेरियन त्या झाडांकडे बराच वेळ बघत राहिली. "तीन वर्षं मी धडपडतेय की माझी नजर यात येऊ नये," ती म्हणाली. "आणि गूसफूट लावणाऱ्या त्या जुन्या काळच्या बायका तर अशाच शेतभर हात फिरवत गेल्या असणार. खायला खुडत, बियाला ठेवत." मग ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. तिच्या प्रयोगात ती झाडं धरता येणार नव्हती, कारण ती कोणीतरी निवडलेली होती. पण त्यांचं बी तिने वेगळं ठेवायचं ठरवलं.

मग तिघांनी मिळून चिंध्या बांधल्या. सैल गाठ, देठ फुगला तरी रुतणार नाही अशी. फ्रँक चहाचा मग घेऊन दारात उभा होता. त्याला सासूबाईंनी हाताने खूण करून बोलावलं आणि एक चिंधी दिली. जन्मभर ज्याच्या हाताने ते झाड उपटलं, त्याने ती फार जपून बांधली.

त्यानंतर सासूबाई माझ्या प्रत्येक शनिवारच्या पाळीला येऊ लागल्या. फुटवे आले, तशी दुपारी पडदा ओढायची वेळ झाली. तो त्या ओढायच्या, आणि फ्रँकला हवा तसा जोरात. एकदा त्यांना काचघराबाहेर, मागच्या कंपोस्टच्या ढिगाऱ्यावर औषध न लागलेलं खुद्द फॅट हेन सापडलं. त्या रविवारी आमच्या घरी ताकातली भाजी झाली. मेरियन आणि फ्रँक जेवायला होते. तीन वर्षं ज्या घराण्याचा अभ्यास केला ते मेरियनने त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं आणि भाजी परत मागून घेतली. फ्रँकने चव घेऊन सांगितलं की वाईट नाही, पण उपटायचं तो थांबवणार नाही.

आता मेरियनचं काय झालं ते सांगतो, कारण अशा गोष्टीत शेवटी सगळं छान होतं असा लोकांचा समज असतो. एक ट्रे बुरशीने गेला. उरलेल्यांनी बी धरलं, पण उशिरा. मुदत वाढवून मिळाली ती पुरली नाही, प्रबंधातलं एक प्रकरण अर्धं राहिलं, आणि डिग्री मिळाली ती वर्षभर उशिरा. आणि साल? साल काही पातळ झाली नाही. मेरियनच्या झाडांचीही नाही आणि सासूबाईंनी राखलेल्यांचीही नाही. "शेकडो वर्षांचं काम तीन वर्षांत होत नाही, हे मी सिद्ध केलं," ती निघताना म्हणाली. मला आजही वाटतं की तो शनिवार झाला नसता तर तिला आणखी थोडं काही दिसलं असतं. हे दुःख मी खोडून काढू शकत नाही.

सासूबाई थंडीआधी परत गेल्या. जाताना उरलेल्या पट्ट्यांची गुंडाळी माझ्या हातात दिली. "असू द्या, लागतील." आणि लागल्याच. फ्रँकने नियमच केला, की बियाला ठेवलेल्या झाडाला चिंधी हवी. लेबल कोणी वाचतं, कोणी वाचत नाही, पण चिंधी बांधलेल्या झाडाला हात लावायला माणूस बिचकतो. अण्णांचं धोतर कधीच संपलं. मग फ्रँकच्या बायकोचे जुने टेबलक्लॉथ आले, मग आमच्या उशांचे अभ्रे. पण पट्टीच्या मापाचं, मऊ, उकळलेलं कापड, हे ठरून गेलं. संशोधक बदलत राहिले आणि आमच्या काचघरात "चिंडी" हा इंग्रजी शब्द होऊन बसला.

रविवारी फोन झाला की लेकीशी बोलणं झाल्यावर सासूबाई मला मागून घ्यायच्या आणि पहिला प्रश्न तोच, "चिंध्या आहेत ना जागेवर?" मी म्हणायचो, "आहेत आई." ते खरंही असायचं. कुठल्या ना कुठल्या झाडाला असायचीच.

त्या गेल्या तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुनंदा मिळेल त्या विमानाने निघाली. दुसऱ्या दिवशीची पाळी माझी होती आणि झाडांना सुट्टी नसते. मी शनिवारी सकाळी काचघर उघडलं, पाणी घातलं, आणि मग एका बेंचवरच्या मोहरीच्या झाडांना चिंध्या बांधत बसलो. गाठ नीट बसेना. तेवढ्यात नव्याने आलेले एक संशोधक आत डोकावले. एडिनबराहून बदलून आलेले, त्यांना इथलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ही पद्धत कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझ्या सासूबाईंची."

"अरे वा. त्या इथेच काम करतात?"

मी गाठ सोडून पुन्हा बांधली, सैल, देठ फुगला तरी रुतणार नाही अशी.

"हो," मी म्हटलं. "शनिवारी येतात."